तिर्रटमध्ये ट्रेल सगळ्यात वर का?

खारीबटर: दिवाळीच्या धाग्यावर तिर्रटवरून, म्हणजे तीन पानीवरून, एका काकांनी ठोकून दिलंय, "तिर्रटमधला क्रम शुद्ध गणितावर बसवलाय. जे जितकं दुर्मिळ, ते तितकं वरचं." खाली सगळ्यांचं 'अगदी अगदी'. राहवलं नाही.

कागद घ्या. बावन्नातली तीन पानं म्हणजे ५२ × ५१ × ५० भागिले ६, एकूण २२,१०० हात. ट्रेल, म्हणजे तिन्ही पानं सारखी, किती? चार एक्क्यांतले तीन घ्यायचे म्हणजे एक सोडायचा, तऱ्हा चार. अशी पानं तेरा, म्हणून ५२. प्युअर सिक्वेन्स, म्हणजे एकाच रंगाची सलग तीन पानं? एक्का-दुर्री-तिर्रीपासून राणी-राजा-एक्क्यापर्यंत १२, गुणिले चार रंग, ४८. दुर्मिळ प्युअर, आणि मार खातो ट्रेलकडून! कुठे गेलं गणित?

बंड्या_बदामसात: बावीस हजारांत चारचा फरक! जन्मभर खेळलात तरी कळायचा नाही. उगाच कीस पाडताय. साधा सिक्वेन्स (सलग, पण रंग मिसळ) ७२०, कलर (एकच रंग, पण सलग नाही) १०९६, जोडी ३७४४. पुढचा क्रम बरोबरच आहे की.

खारीबटर: पुढचा आहे. पण 'शुद्ध' म्हणायचं आणि पहिल्याच पायरीवर घसरायचं?

पेणची_पाहुणी: आमच्याकडे गणपतीच्या जागरणाला राजा-एक्का-दुर्रीही चालते. मग?

खारीबटर: मग १३ × ४, म्हणजे ५२. बरोबरी! तुमच्या घरचा नियमच न्यायी म्हणायचा.

निवृत्त_मास्तर: मूळ रोग वेगळाच आहे. दहावीला संभाव्यता शिकवायला पत्तेच का? अर्ध्या वर्गाला किलवर कुठलं नि इस्पिक कुठलं ते माहीत नसतं. नमुना अवकाश ५२ हे पाठ, चौकट लाल की काळी विचारलं की खिडकीबाहेर बघतात. घरी पत्त्यांना हात लावला तर मार, परीक्षेत मात्र सक्ती.

चष्मिष्ट_चिंगी: मास्तर, जखमेवर बोट ठेवलंत! सहामाहीला 'पत्ता चित्रयुक्त असणे' आलं होतं. मी एक्के धरून १६/५२ लिहिलं. दोन गुण गेले, पहिला नंबरही गेला. एक्क्यावर एवढं मोठं इस्पिक असतं, ते चित्र नाही?

निवृत्त_मास्तर: नाही. राजा, राणी, गुलाम. बारा पानं, ३/१३. मीही कापले असते.

बंड्या_बदामसात: इस्पिकच्या एक्क्यावर तर अख्खी नक्षी असते हो.

निवृत्त_मास्तर: नक्षी वेगळी. चेहरा लागतो.

चष्मिष्ट_चिंगी: मग प्रश्नात 'चेहरा' लिहायला काय झालं होतं? तुमच्यासारख्यांनीच गणित नासवलं!

निवृत्त_मास्तर: वर्गात लक्ष दिलं असतंत तर ही वेळ आली नसती.

खारीबटर: अहो, धागा ट्रेलचा आहे!

काका_साठी_पार: तो 'ठोकून देणारा' मीच. चाळीस दिवाळ्या खेळलोय. प्युअर दर वर्षी दिसतो, ट्रेल उभ्या आयुष्यात तीनदा. तुमचा कागद खरा की माझे डोळे?

खारीबटर: ट्रेल सरासरी ४२५ हातांत एक, प्युअर साधारण ४६० त एक. काका, पत्ते कोण पिसतं तुमच्याकडे?

काका_साठी_पार: मेहुणा. बरं, ४८ तर ४८. 'शुद्ध' मागे घेतो. 'गणित' ठेवतो.

पेणची_पाहुणी: आणि आमच्या नियमाला न्यायी वगैरे म्हणू नका. सासऱ्यांच्या हातात एकदा राजा-एक्का-दुर्री आली, त्या रात्रीपासून ती चालते.