मदत हवी आहे: तेरच्या फलकावर ‘कॅरव्हॅन’ऐवजी काय लिहू?

तेरणाकाठचा:
नमस्कार मंडळी. आमच्या शाळेत धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या जुन्या व्यापारावर पोरांचं प्रदर्शन आहे. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात भडोचपासून पैठण वीस दिवसांवर आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपलं तेर, असं दिलंय. तेरहून साधं कापड, मलमल भडोचच्या बंदराला जायची. इंग्रजी पुस्तकं या वाहतुकीला सरसकट कॅरव्हॅन म्हणतात. मराठीत काय लिहू?

‘तांडा’ लिहिलं तर पोरं लमाण वस्तीच समजणार, निम्मी तांड्यावरूनच शाळेला येतात. ‘ताफा’ म्हटलं की पालकमंत्र्यांच्या गाड्या. ‘काफिला’ लईच शायराना. आणि नुसतं ‘कॅरव्हॅन’ ठेवलं तर, आत पलंग अन् संडास असलेली सहलीची गाडी ना सर, असं विचारतील. चित्रकलेच्या सरांनी तर उंट काढायला घेतलेत.

गोदाकाठी:
सर, आधी ते उंट थांबवा! त्याच ग्रंथात माल गाड्यांतून, धड वाटा नसलेल्या मुलखातून जायचा असं लिहिलंय. ‘कारवान’ मूळ फारसी. हैदराबादेत व्यापाऱ्यांची जुनी वस्ती आजही कारवान म्हणूनच ओळखतात, त्यामुळं निजामाच्या मुलखातल्या आपल्याला तो परका नाही. पण सातवाहनांच्या काळाला संस्कृतातला ‘सार्थ’ शोभेल. त्याचा म्होरक्या तो सार्थवाह.

गोरमाटी:
दादा, तांडा म्हणजे वस्ती हे अलीकडचं. आधी तो चालता होता. बैलांच्या पाठीवर गोणी लादून धान्य, मीठ न्यायचं, त्याला आम्हा लमाणांत लदेणी म्हणतात. पुढं नायक, मागं बायकापोरांसकट सगळा संसार. दख्खनेत उतरलेल्या मुघल फौजांचं धान्यही आमच्याच बैलांवर यायचं. रेल्वे आणि पक्के रस्ते आले, लदेणी बसली, तांडे एका जागी टेकले. फक्त हे तेरच्या त्या काळानंतर कितीतरी शतकांनी, आणि माल बैलाच्या पाठीवर, गाडीत नव्हे. दोन्हींची खिचडी करू नका. लदेणीचा फलक वेगळा लावा, मजकूर तांड्यावरच्या पोरांनाच आणू द्या. घरी म्हाताऱ्यांना विचारतील.

तेरणाकाठचा:
वा, हे तर डोक्यातच नव्हतं. दुसरा फलक नक्की. पहिल्यावर मथळा ‘व्यापाऱ्यांचा सार्थ’, खाली ओळ: ‘मालानं भरलेल्या बैलगाड्या सोबतीनं निघत’. सातवीच्या पोराला कळेल ना?

गोदाकाठी:
खालच्या ओळीनं कळेल. ‘सार्थ’चा अर्थ कंसात द्या, नाहीतर पोरं ‘सार्थ अभिमान’वर जातील. आणि चित्रकलेच्या सरांना सांगा, चाकं लाकडी काढा. ऊसतोडीच्या टायरगाड्या बघून काढतील, नेम नाही.