नवरा-बायको-पोरं, एवढंच का कुटुंब?

खानापूरकर
काल इथं कुणीतरी ठोकून दिलं की नवरा, बायको आणि त्यांची पोरं हे कुटुंब जगात सगळीकडं आहे, एकत्र कुटुंब म्हणजे त्याचीच बेरीज. १९४९ साली मर्डॉक या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञानं २५० समाज तपासून हेच सांगितलं होतं. मग जुन्या केरळातले नायर कुठं बसवायचे? तरवाडात, म्हणजे त्यांच्या आईकडच्या एकत्र घरात, आजी, आई, मावश्या, मामा. नवरा रात्री यायचा, सकाळी आपल्या आईच्या घरी परत. पोरं मामाच्या कारभारात वाढायची. लांब कशाला, सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडलेल्या बाईचं, देवदासीचं, घर बघा. नवरा नाही, म्हातारे आईबाप तीच सांभाळते. ते कुटुंब नव्हे?

अनगोळचा
मीच लिहिलं ते, आणि मागं घेणार नाही. नायरांतसुद्धा योग्य जातीच्या पुरुषानं बाळंतपणाचा खर्च उचलून बाप म्हणून पुढं यावं लागायचं. बाप हवाच होता. आणि १९८२ च्या कायद्यानं बंद केलेल्या देवदासी प्रथेला कुटुंबपद्धत म्हणता? पोरींचं आयुष्य नासलं त्यात!

खानापूरकर
प्रथेची बाजू कोण घेतंय? तिनं पोरं वाढवली ते घरच नव्हे म्हणालात, तर तिला दुसऱ्यांदा घराबाहेर काढताय.

शहापूरची सून
केरळ राहू दे. २०२३ ला कर्नाटक सरकारची गृहलक्ष्मी योजना आली, रेशन कार्डावरच्या कर्त्या बाईला महिना २००० रुपये. आमचं अकरा माणसांचं एकच कार्ड, त्यावर सासूबाई. दोन्ही जावांनी कार्डं वेगळी करायचा विषय काढला आणि सासूबाईंनी महिनाभर अबोला धरला. शेवटी कार्डं तीन झाली, आणि आता त्याच स्वयंपाकघरात तीन शेगड्या आहेत. भाकरीचा तवा मात्र एकच, ज्याची त्यानं वाट बघायची. आता आम्ही एक कुटुंब की तीन?

निपाणीचा
दोन हजारासाठी घर फोडलं म्हणा की सरळ. आमच्या आजोबांच्या वेळी तंबाखूच्या रानात चार भाऊ राबले, चूल एक. सुना आल्या आणि उतारा फुटला. तोही कन्नडमध्ये, वाचायला दुसऱ्याच्या दारात जायचं.

शहापूरची सून
काय बोलालाय ओ काका! चार भाऊ राबले, आणि त्यांच्या भाकऱ्या कोण थापत होतं? पहाटे चारला उठून अकरा जणांचं केलंय मी पंधरा वर्षं. हातात स्वतःचा रुपया पहिल्यांदा आला तो या कार्डामुळं. सुनेनं घर फोडलं हे पुन्हा लिहू नका.

अनगोळचा
बघा, वेगळं व्हायची वेळ आली तेव्हा फुटलं कुठं? प्रत्येक जोडप्याच्या शिवेवरच ना? माझंच म्हणणं आलं.

खानापूरकर
सासूबाई कुठल्या जोडप्यात धरल्या? बाळंतपणाच्या खर्चाचं तुमचं खरं, तेवढं मानतो. पण बाप म्हणून नाव लागणं वेगळं आणि बापानं त्या घरात राहणं वेगळं.

निपाणीचा
ताई, सुनांबद्दलचं मागं घेतो. पण कार्ड तीन झाली म्हणून कुटुंबं तीन झाली, हे नाही पटत. गणपती कुणाकडं बसतो?

शहापूरची सून
सासूबाईंच्या खोलीत. खर्च तिघी देतो. मोदक एकाच शेगडीवर.