मदत हवी आहे: डिझेल मोटरहोम सहा-सात महिने उभी राहणार, टाकीचं काय करू?

गाडी उघड्यावर उभी राहणार आहे, वर शेड नाही, जवळ लाइटचा पॉइंटही नाही. पाण्याची टाकी-पाइप रिकामे केलेत, बॅटरीचं निगेटिव्ह काढलंय. अडलंय ते डिझेलपाशी. मागच्या वेळी फिल्टरच्या तळाला पाणी आणि काळपट चिकट गाळ निघाला होता, बुरशीच ती, म्हणून यंदा आधी बायोसाइड (डिझेलमधली बुरशी मारणारं औषध) घालून टाकी फुल करणार, आत दमट हवेला जागाच नको. अधूनमधून दहा मिनिटं इंजिन नुसतं चालू ठेवा असं काहीजण सांगतात, पण तेवढ्यात ऑइल नीट तापत नाही आणि आतलं पाणी तसंच राहतं, त्यामुळे ते मला पटत नाही. तर बायोसाइड घातल्यावर ते इंजेक्टरपर्यंत (इंजिनात डिझेल फवारणारा भाग) पोचायला गाडी साधारण किती चालवायची, आणि फिल्टर आत्ताच बदलू की परत बाहेर काढताना?