समॅरियम सल्फाइडचा काळा स्फटिक घासल्यावर सोनेरी का होतो?

घनावस्था (प्रश्न): समॅरियम मोनोसल्फाइड, म्हणजे समॅरियम आणि गंधक यांचे एकास एक प्रमाणातले संयुग, मुळात काळे असते, परंतु त्याचा स्फटिक पॉलिश केला किंवा सुईने ओरखडला, तर तेवढाच भाग सोन्यासारखा चमकू लागतो, एवढे एका ओळीत सांगून आमचे पाठ्यपुस्तक पुढे जाते. हवेतील ऑक्सिजनमुळे वर एखादा थर बसतो, की स्फटिकाची रचनाच बदलते? जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

उच्चदाब: ऑक्सिजनचा येथे काहीही संबंध नाही, आणि रचनाही बदलत नाही. अणूंची मांडणी दोन्ही अवस्थांत मिठाच्या स्फटिकासारखीच राहते. कमी होते ते त्यांच्यातले अंतर. काळ्या अवस्थेत समॅरियमची संयुजा (अणूने दिलेल्या इलेक्ट्रॉनांची संख्या) 2 असते आणि त्याच्या 4एफ या आतल्या कक्षेतले सहा इलेक्ट्रॉन अणूपाशीच बांधलेले असतात, म्हणून हा पदार्थ अर्धवाहक ठरतो. दाब वाढवला की 5डी पट्टा, म्हणजे इलेक्ट्रॉन ज्यात मोकळे फिरू शकतात तो वरचा ऊर्जापट्टा, खाली सरकतो, मधली ऊर्जेची दरी बुजते आणि 4एफमधला इलेक्ट्रॉन त्या पट्ट्यात जाऊ लागतो. इलेक्ट्रॉन गमावलेला समॅरियम आकाराने लहान असल्यामुळे जालक (अणूंची जाळीदार मांडणी) आणखी आक्रसते, त्यामुळे आणखी इलेक्ट्रॉन सुटतात, आणि म्हणूनच सामान्य तापमानाला सुमारे 6.5 किलोबारपाशी हा बदल एकदम घडतो. युनिट सेलची, म्हणजे स्फटिकात पुन्हापुन्हा येणाऱ्या लहानशा घनाची, बाजू 5.97 अँगस्ट्रॉमवरून 5.7च्या आसपास येते. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जयरामन, नारायणमूर्ती आणि सहकाऱ्यांनी 1970 मध्ये हे दाखवून दिले. (हे जयरामन पूर्वी बंगळूरला सर सी. व्ही. रामन यांच्याबरोबर काम करीत असत.)

घनावस्था: आभारी आहे. पण 6.5 किलोबार म्हणजे हवेच्या दाबाच्या हजारो पट. नुसत्या हाताने घासून एवढा दाब येतो कुठून?

उच्चदाब: सुईचे टोक किंवा पॉलिश पावडरचा कण स्फटिकाला फारच थोड्या क्षेत्रावर टेकतो, त्यामुळे हाताचा साधा जोरही त्या जागी पुरून उरतो. शिवाय घासल्यानंतर पृष्ठभागात ताण शिल्लक राहतो आणि तोच सोनेरी थर टिकवून धरतो. नमुना पुरेसा तापवला की ताण निघून जातो आणि पृष्ठभाग पुन्हा काळा पडतो. सर्व बाजूंनी सारखा दाब दिलेला स्फटिक मात्र दाब उतरवल्यावर आपणहून परततो.

एफ_इलेक्ट्रॉन: वरील उत्तरात थोडी भर घालतो. सोनेरी अवस्थेत संयुजा पूर्ण 3 होत नाही. ती 2 आणि 3 यांच्या दरम्यान राहते, आणि या पदार्थाची खरी गंमत तिथेच आहे. मोकळे झालेले इलेक्ट्रॉन तांबडा-पिवळा प्रकाश परतवतात, निळा तितकासा परतवत नाहीत, म्हणून तो रंग दिसतो. समॅरियमच्या सेलेनाइड व टेल्युराइडमध्ये (गंधकाच्या जागी सेलेनियम किंवा टेल्युरियम) हाच बदल सावकाश होतो. दाबाऐवजी काही समॅरियमच्या जागी गॅडोलिनियम हा दुसरा धातू घातला तरी सोनेरी अवस्था मिळते. साधारण 16 टक्के गॅडोलिनियम असलेला असा स्फटिक थंड केला, तर तो एकाएकी फुगून फुटतो आणि हाती काळी भुकटी उरते.