रहिवाशांसाठी कार्यक्रम की थेट मदत? स्थानिक संस्थेचा पैसा कुठे जावा

करदाता (मूळ मांडणी)

शहराच्या अंदाजपत्रकात नागरिकांसाठीच्या उपक्रमांची एक तरतूद असते. एकूण खर्चाच्या मानाने ती किरकोळ असल्यामुळे तिच्यावर कोणी फारसे बोलत नाही, आणि बोलणारा अरसिक ठरतो. तो शिक्का पत्करून मी म्हणतो की स्थानिक संस्थेने मेळावे, महोत्सव आणि स्नेहसंमेलने भरवणे थांबवावे आणि तो पैसा अडचणीतल्या रहिवाशांच्या थेट मदतीकडे वळवावा. एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या घरी फेरी मारणारा कर्मचारी, दिव्यांगांसाठी वाहन, सवलतीचा अर्ज समजावून भरून देणारा माणूस, अशा गोष्टींची उणीव सगळीकडे आहे.

कार्यक्रमांना कायद्याचा आधार आहे, हे मान्य. भारतीय राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांसाठी जे १८ विषय दिले आहेत, त्यांत दुर्बल घटकांचे हितरक्षण आहे, तसे सांस्कृतिक आणि शैक्षणिक बाबींना उत्तेजन देणेही आहे. मात्र दोन्ही कामे करण्याची मुभा आहे म्हणून दोन्हींची निकड सारखी ठरत नाही. ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे शहरात १९८९ पासून अंदाजपत्रकातील काही खर्च रहिवाशांच्या सभांमधून ठरू लागला, तेव्हा लोकांनी आधी मागितल्या त्या सांडपाण्याच्या वाहिन्या, पक्के रस्ते आणि घरे.

शेजारधर्म

आपण मदत आणि कार्यक्रम यांना दोन वेगळ्या कप्प्यांत ठेवले आहे, तिथेच माझा विरोध सुरू होतो. १९९५ च्या जुलैमध्ये शिकागोत उष्णतेची लाट आली आणि तिच्यात सातशेहून अधिक माणसे दगावली. एरिक क्लिननबर्ग या समाजशास्त्रज्ञाने नंतर एकमेकींना लागून असलेल्या नॉर्थ लॉनडेल आणि साउथ लॉनडेल या दोन वस्त्यांची तुलना केली. दोन्हीकडे गरिबी होती, एकट्या राहणाऱ्या वृद्धांचे प्रमाणही जवळपास सारखे होते, ऊन तर एकच होते. तरीही पहिल्या वस्तीतील मृत्युदर दुसरीच्या सुमारे दहापट निघाला. त्यांच्या मते फरक होता तो रस्त्यावरच्या वर्दळीचा: जिथे म्हातारी माणसे घराबाहेर पडत होती आणि एकमेकांना तोंडओळखीने तरी ओळखत होती, तिथे ती वाचली. माणसांना घराबाहेर पडायला निमित्त देणे हीसुद्धा मदतच आहे.

जमाखर्च

मी एका स्थानिक संस्थेच्या लेखा विभागात बरीच वर्षे काम केले आहे. शेजारधर्म यांनी दिलेले उदाहरण मला मोलाचे वाटते, पण ते त्यांच्याच मुद्द्याच्या विरोधात जाते. साउथ लॉनडेलमधील माणसे वाचली ती रोज उघडी असणारी दुकाने, गजबजलेले पदपथ आणि प्रार्थनास्थळे यांमुळे. महापालिकेने वर्षातून एकदा भरवलेल्या सोहळ्यामुळे ती वाचली, असे कोणीही म्हटलेले नाही. त्यातून खर्चाचा धडा घ्यायचाच असेल, तर तो पदपथावर, बाकांवर, दिव्यांवर आणि वाचनालय संध्याकाळी उघडे ठेवण्यावर करावा.

दुसरी गोष्ट मी माझ्या टेबलावर पाहिलेली सांगतो. कार्यक्रमांची देयके यायची तेव्हा मंडप, ध्वनिव्यवस्था आणि छपाई यांच्या पावत्या चोख असायच्या, अगदी खुर्च्यांची संख्यासुद्धा नेमकी. सोबतच्या अहवालात मात्र 'उपस्थिती' या रकान्यात प्रत्येक वेळी 'अंदाजे ५००' असे लिहिलेले असायचे, कार्यक्रम कोणताही असो, ऋतू कोणताही असो आणि खुर्च्या ३०० का असेनात. त्या पाचशेंत आधी कधीच न आलेले किती होते, हे त्या कागदावरून कळायला मार्ग नव्हता, आणि ते कोणी विचारतही नसे.

टेबलामागचा

मी अशा कार्यक्रमांत मदतकक्षाच्या टेबलामागे बसणारा स्वयंसेवक आहे. जमाखर्च यांची तक्रार खरी आहे. तरीही महोत्सव वेगळा आणि शेजाऱ्यांचे एकत्र येणे वेगळे. पॅरिसच्या सतराव्या प्रभागात १९९९ मध्ये अतानाझ पेरिफाँ या स्थानिक लोकप्रतिनिधीने 'शेजाऱ्यांचा दिवस' सुरू केला. त्यामागची घटना सुन्न करणारी आहे: एका इमारतीत एक वृद्ध स्त्री आपल्या घरात मरण पावली आणि कित्येक महिने ते कोणाच्या लक्षातच आले नाही. या दिवशी ना व्यासपीठ असते ना पाहुणे. रहिवासी आपापल्या अंगणात टेबले मांडतात, ज्याने त्याने काहीतरी आणायचे असते, आणि नगरपालिका फार तर भित्तिपत्रके, निमंत्रणपत्रिका आणि फुगे पुरवते. (फुग्यांनाही करदाता यांची हरकत असेल, तर ती मी नोंदवून घेतो.)

करदाता

फुग्यांना हरकत नाही. पण ज्या पॅरिसचे उदाहरण आपण दिले, तिथेच पुढे काय घडले तेही पाहावे. शेजाऱ्यांचा तो दिवस सुरू झाल्यावर चारच वर्षांनी, ऑगस्ट २००३ च्या उष्णतेच्या लाटेत फ्रान्समध्ये सुमारे १५,००० जादा मृत्यू झाले. त्यांत बहुसंख्य वृद्ध होते आणि पॅरिसला त्याचा मोठा तडाखा बसला. वर्षातला एक दिवस एकत्र बसल्याने ऑगस्टमध्ये दार वाजवणारा कोणी निर्माण होत नाही. उलट शिकागोने १९९५ चा धडा घेऊन १९९९ च्या लाटेत गारव्याची केंद्रे उघडली, तिथे जाण्यासाठी मोफत बस दिल्या, आणि एकट्या वृद्धांना दूरध्वनी करण्यासाठी व त्यांच्या घरी जाऊन पाहण्यासाठी पोलीस आणि महापालिकेचे कर्मचारी पाठवले. त्या वेळी मृतांची संख्या शंभराच्या थोडी वर राहिली. दोन्ही लाटा हुबेहूब सारख्या नव्हत्या, हे खरे. पण दार वाजवणे हे कर्मचाऱ्याचे काम म्हणून ठरवून दिले होते, ही गोष्ट नाकारता येणार नाही.

टेबलामागचा

दार वाजवायचे हे ठरले, पण कोणते? फ्रान्सनेही २००३ नंतर नेमका हाच प्रश्न सोडवायचा प्रयत्न केला. जून २००४ च्या कायद्याने प्रत्येक महापौरावर एकट्या, वृद्ध आणि दिव्यांग रहिवाशांची नोंदवही ठेवण्याची जबाबदारी आली, म्हणजे संकटाच्या वेळी त्यांच्याशी संपर्क साधता येईल. नोंद मात्र ऐच्छिक आहे. ज्याला सर्वाधिक गरज आहे तोच बहुधा नाव द्यायला जात नाही, कारण 'मी एकटा आहे' असे खिडकीवर जाऊन सांगणे फार थोड्यांना जमते.

इथे मला एक गृहस्थ आठवतात. कार्यक्रम सुरू असताना ते आमच्या टेबलासमोरून तीनदा गेले. चौथ्यांदा थांबले आणि म्हणाले, "गाणं इथूनही ऐकू येतं, उभा राहिलो तर चालेल ना?" मी खुर्ची दिली. अर्ध्या तासाने त्यांनी खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेला एक कागद काढला. सवलतीचा अर्ज होता, घड्यांवर फाटत आलेला, आणि त्यात फक्त नाव लिहिलेले होते. चष्मा घरी राहिला आहे, असे ते म्हणाले. बाकीचे रकाने मी विचारून भरले. 'घरातील इतर व्यक्ती' या रकान्याशी ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "रेघ मारा." आपण ज्याला मंडपाचा वायफळ खर्च म्हणता, त्यातूनच तो माणूस टेबलापर्यंत आला. कार्यालयाच्या खिडकीकडे तो वर्षभर फिरकला नव्हता.

जमाखर्च

हा प्रसंग वाचून माझे मत थोडे हलले, हे कबूल करतो, पण पूर्ण नाही. ते गृहस्थ चालत येऊ शकत होते. ज्याला जिना उतरता येत नाही, ज्याला गर्दी सहन होत नाही, ज्या बाईला आजाऱ्याला एकटे सोडून बाहेर पडता येत नाही, त्यांच्यापर्यंत कोणतेही गाणे पोहोचत नाही. शिवाय तो अर्ज भरला गेला तो आपल्यासारखा माणूस तिथे बसला होता म्हणून. मी पाहिलेल्या बहुतेक कार्यक्रमांत असे टेबल नव्हतेच, आणि जिथे होते तिथे ते व्यासपीठाच्या मागे, जनरेटरच्या शेजारी असे.

शेजारधर्म

मग टेबल पुढे आणावे, कार्यक्रम कशाला बंद करायचा? पैसा वाटण्याची पद्धतही बदलता येईल. एक मोठा सोहळा करण्याऐवजी गल्लीगल्लीतल्या रहिवाशांना लहान रकमा द्याव्यात आणि अट एवढीच घालावी की आपल्या इमारतीत कोण घराबाहेर पडू शकत नाही, हे त्यांनी जाऊन पाहावे आणि संबंधितांची संमती असेल तरच कार्यालयाला कळवावे. हे काम परक्या कर्मचाऱ्यापेक्षा शेजारी सहज करू शकतो.

करदाता

संमतीची अट महत्त्वाची आहे. तीशिवाय ही मदत न राहता पाळत होईल. लहान रकमांना माझा विरोध नाही, कारण त्यात व्यासपीठ नाही आणि नेत्यांच्या छायाचित्रांचे फलकही नाहीत. माझी मूळ मागणी मी तेवढ्यापुरती मागे घेतो. मोठ्या सोहळ्यांबाबत ती कायम आहे. त्यांचे समर्थन करणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे आहे की पुढच्या देयकासोबत 'अंदाजे ५००' लिहू नये. टेबलाशी किती जण आले, किती अर्ज भरले गेले आणि त्यांतले किती सहा महिन्यांत मंजूर झाले, हे तीन आकडे द्यावेत. आणि त्या गृहस्थांचा अर्ज मंजूर झाला का, हे टेबलामागचा यांनी सांगितलेले नाही.

टेबलामागचा

त्रुटी दाखवून परत आला. रेघ मारलेला रकाना रिकामा धरला गेला. दुसऱ्यांदा भरला आहे, आणि या वेळी मी त्यात अक्षरी 'कोणी नाही' असे लिहिले आहे.