मदत हवी आहे : बाळंतपणाच्या कळा कंबरेत येतात, कोणत्या पोझिशनमध्ये कमी दुखतं?

निशिगंध:
३७वा आठवडा संपतोय. मागच्या वेळी कळा सगळ्या कंबरेत, पोटात फार नाहीच, आणि १४ तास उताणं झोपवून ठेवलं, कुशीवर वळले की बाळाचे ठोके बघायचा पट्टा सरकतो म्हणून नर्स ओरडायची. यावेळी ते नकोच. उद्या डॉक्टरांकडे जायचंय, त्याआधी अनुभव असलेल्यांनी सांगा, आणि "दीर्घ श्वास घे" हे प्लीज नको.

चाफा:
चालत राहा! मी नवऱ्याच्या गळ्यात हात टाकून उभी डुलत होते, आडवी झाले की तीच कळ दुप्पट वाटायची. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये हिंडण्याफिरण्याची शिफारसच केलीय.

रानवारा:
एपिड्यूरल घे, पाठीतून देतात ते कळा बधिर करणारं इंजेक्शन. सोसण्यात कसला मोठेपणा?

चाफा:
मोठेपणाचं कोण बोललं? पाय जड पडले की चालणं संपलं.

लेबररूम_नर्स:
भांडू नका, एपिड्यूरल घेऊनही कुशीवर राहता येतं. उताणं नको कारण गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर येतो, आईचा बीपी उतरतो. कंबरेतल्या कळांना गुडघे-हात टेकून ओणवं राहिलं की बऱ्याच जणींना आराम पडतो, कळ आली की कुणीतरी माकडहाडाच्या वर तळव्याने जोरात दाबून धरायचं. बाळाचं तोंड वर होतं का? आणि मागची नॉर्मल ना?

आजी६४:
बॅग भरलीस का गं? फाईल वर ठेव, मोजे विसरू नकोस.

निशिगंध:
भरलीये आजी. नॉर्मल नाही, पिशवीचं तोंड ८ सेंमी उघडून अडकलं मग सीझर. तोंड वर होतं म्हणाले. पण सीझरचा इथे काय संबंध?

लेबररूम_नर्स:
अगं हे आधी सांगायचं! २०१८ची शिफारस कमी जोखमीच्या बायकांसाठी आहे. तुझं आधीचं सीझर आहे, त्यामुळे बाळाचे ठोके सतत बघावे लागतील, म्हणून पट्टा लागणारच, पण पट्टा म्हणजे उताणं नाही, बेडशेजारी उभं राहता येतं. वायरलेस मॉनिटर आहे का ते उद्या विचार. आणि दोन कळांच्या मध्येही टाक्याच्या जागी दुखणं थांबत नसेल तर पोझिशन बदलत बसू नकोस, लगेच सांग.

रानवारा:
मग सरळ दुसरं सीझरच कर ना.

लेबररूम_नर्स:
ते ती आणि तिचे डॉक्टर ठरवतील, तिने ते विचारलेलं नाही.

निशिगंध:
लिहून घेतलं. पट्टा लावून त्या मोठ्या व्यायामाच्या बॉलवर बसता येतं का?

लेबररूम_नर्स:
हो, ठोके नीट दिसत असतील तर. मागे कुणीतरी धरायला हवं.