ब्लॉगची टॅगलाइन पकड घेत नाही, काय चुकतंय?

रानवाट: ब्लॉगचं नाव ‘पालवी’. विषय: जेमतेम तीन तास ऊन येणाऱ्या गॅलरीत कुंड्यांमधून भाज्या पिकवणं. टॅगलाइन सुचली ती अशी: ‘निसर्गाच्या सान्निध्यात, आनंदाच्या वाटेवर’. वाचायला बरी वाटते, पण लक्षात राहत नाही. किती शब्दांची असावी? आणि नावाशी तिची सांगड कशी घालायची?

अनुस्वार: हीच ओळ प्रवासाच्या ब्लॉगवर लावून बघा, मग योगासनांच्या, मग कवितांच्या. तिन्हीकडे शोभते, म्हणजे ती तुमची नाही. ‘निसर्ग’, ‘आनंद’, ‘वाट’ या शब्दांनी डोळ्यांसमोर एकही वस्तू उभी राहत नाही.

‘पालवी’ नाव सुरेख आहे, पण त्यावरून विषय कळत नाही. नाव असं सूचक असलं की विषय सांगायचं काम टॅगलाइनवर येतं. नावच ‘गॅलरीतली बाग’ असतं, तर ‘बाग’ पुन्हा घेण्यात जागा वाया गेली असती. तिथे फक्त वेगळेपण सांगायचं.

आधी एक रुक्ष वाक्य लिहा: कुणासाठी, काय, कोणत्या अडचणीत. मग त्याची पंधरा-वीस रूपं करा. पहिली पाच-सहा गुळगुळीतच निघतात, तिथे थांबू नका. विशेषणं काढून टाका. चार ते सात शब्द पुरतात. तुमच्याकडची सगळ्यांत मोलाची गोष्ट म्हणजे ते तीन तास. म्हणून: ‘तीन तासांच्या उन्हात भाजीपाला’.

ओलमाती: ‘भाजीपाला’ खटकतो. तीन तासांत पालेभाज्या येतात. टोमॅटो, वांगी नीट धरायला सहा तास तरी थेट ऊन हवं. टोमॅटोसाठी आलेला वाचक हिरमुसून परत जाईल. ‘तीन तासांच्या उन्हात पालेभाज्या’ करा. टॅगलाइनमध्ये कबूल केलेलं पहिल्याच पानावर दिसायला हवं.

रानवाट: पटलं, हीच घेते. वर्डप्रेसवर टाकताना काय सांभाळायचं?

खिळेजुळणी: सेटिंग्ज, जनरल, टॅगलाइन. मुखपृष्ठाच्या टायटल टॅगमध्ये (ब्राउझरच्या टॅबवर दिसणाऱ्या शीर्षकात) सहसा नावापुढे हीच ओळ जाते, म्हणून ती गूगलच्या निकालातही दिसू शकते. तिथे लांब मथळा रुंदी पाहून कापला जातो, तुमचा बसेल.

अक्षरमर्यादा असेल तिथे मात्र जपून. तुमची ओळ दिसायला १२ अक्षरांची, पण काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त आणि रिकाम्या जागा सुटे धरले की ३१ भरतात. इन्स्टाग्रामच्या बायोला १५० ची मर्यादा आहे, तेव्हा तिथे उरलेला मजकूर याच हिशेबाने लिहा.

लोगोच्या चित्रात टॅगलाइन कोरू नका. मोबाइलवर चित्र आक्रसतं आणि बारीक अक्षरांतल्या मात्रा आधी पुसट होतात. मजकूर म्हणूनच ठेवा आणि अरुंद स्क्रीनवर ओळ कुठे तुटते ते बघा. ‘तीन तासांच्या’ नंतर तुटली तर चालेल, ‘पालेभाज्या’ एकटी खाली पडली तर फॉन्ट थोडा लहान करा.

अनुस्वार: आणि विषय माहीत नसलेल्या कुणाला तरी ते पान पाच सेकंद दाखवा, मग झाकून विचारा, ‘इथे काय मिळेल?’ उत्तरात ‘ऊन’ किंवा ‘पालेभाज्या’ आलं नाही, तर आधी अक्षरांचा आकार आणि जागा तपासा, शब्द नंतर.